'मोअर गन्स, लेस क्राइम' : शीर्षकाचा दावा आणि पुराव्याच्या मर्यादा

अमेरिकेत पिस्तूल अंगावर लपवून वागविण्याचे नियम प्रामुख्याने राज्ये ठरवितात. व्हरमाँटने त्यासाठी परवान्याची अट कधीच घातली नाही; इलिनॉयने परवान्याची तरतूद २०१३ मध्ये, तीही न्यायालयीन निर्णयानंतर केली. या भिन्नतेचा आधार घेऊन जॉन लॉट यांनी 'मोअर गन्स, लेस क्राइम' हा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. १९७७ ते १९९२ या काळातील तीन हजारांहून अधिक काउंटींची आकडेवारी तपासून, पात्र अर्जदारास परवाना देणे बंधनकारक करणाऱ्या कायद्यांमुळे हिंसक गुन्हे घटतात, असे प्रतिपादन त्यांनी केले.

माहितीचा व्याप आणि ती टीकाकारांनाही उपलब्ध करून देण्याची तयारी हे या ग्रंथाचे निर्विवाद गुण होत. तथापि, शीर्षक बंदुकांच्या संख्येविषयी बोलते, तर मुख्य विश्लेषण कायदा लागू झाल्याच्या वर्षावर उभे आहे. कायदा झाला म्हणजे किती लोक प्रत्यक्षात पिस्तूल वागवू लागले, हे त्यावरून कळत नाही. शिवाय याच काळात क्रॅक कोकेनच्या व्यापाराने मोठ्या शहरांतील हिंसाचार वाढविला. त्यांपैकी अनेक शहरे कडक नियमांच्या राज्यांत होती. त्यामुळे दोन कारणांचा परिणाम वेगळा काढणे कठीण होते.

नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २००४ मध्ये, उपलब्ध पुराव्यावरून या कायद्यांचा गुन्ह्यांवरील परिणाम निश्चित करता येत नाही, असा निष्कर्ष काढला. हत्यांच्या मुद्द्यावर जेम्स क्यू. विल्सन यांनी मतभेद नोंदविला. पुढे २०१९ मध्ये डोनाह्यू व सहकाऱ्यांनी दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्के अधिक आढळल्याचे मांडले.

ब्रुएन खटल्यात (२०२२) मात्र सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची परवानापद्धती रद्द ठरविताना सार्वजनिक हिताचे मोजमाप बाजूस सारून ऐतिहासिक परंपरा हा निकष मानला. म्हणजे अभ्यासक ज्या प्रश्नावर पाव शतक वाद घालत होते, तो प्रश्न न्यायालयापुरता गौण ठरला. विधिमंडळांपुढे तो आजही आहे. म्हणूनच आपल्या वर्गात हा ग्रंथ वाचताना निष्कर्षाच्या बाजूने वा विरोधात उभे राहण्यापूर्वी, नेमके काय मोजले गेले, हे विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविणे अधिक अगत्याचे आहे.