आधी भरती सुधारा, मग वर चढा? एका बास्केटबॉल सिम्युलेशनची उलटतपासणी

'हूप्स डायनॅस्टी' या ऑनलाइन गेममध्ये तुम्ही अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे कोच असता. सुरुवात तिसऱ्या डिव्हिजनपासून. निकाल चांगले लागले की वरच्या डिव्हिजनची नोकरी मागायची. यात नव्यांना मिळणारा सल्ला असा, की आधी खेळाडूंची भरती नीट जमू दे, मग वर चढ. सल्ला बरोबर आहे. पण तो सिद्ध कसा करतात, ते बघा.

'मी भरती सुधारली, वर गेलो, जिंकलो' असं सांगणारे भेटतात. भरती सुधारून वर गेले आणि आपटले, ते गेम सोडून गेलेले असतात. ते सांगायला येणार कुठून? उरलेल्यांवरूनच निष्कर्ष काढला, की ही चूक होतेच.

गेमची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. आज घेतलेला पोरगा तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतो. म्हणजे नव्या कॉलेजात गेल्यावर पहिली दोन वर्षं तुम्ही आधीच्या कोचच्या पोरांवर जिंकता किंवा हरता. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर असताना यंदाच्या निकालावरून यंदाचा कोच मोजायचा नाही, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

खरी गडबड पुढे आहे. वेग, बचाव असे गुण आकड्यांत मांडलेत आणि वरच्या डिव्हिजनला तेच आकडे फक्त मोठे लागतात. पायरी बदलली की मोजायची गोष्टच बदलू शकते, हे या मॉडेलला ठाऊक नाही.

आपल्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव घ्या. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे. मातीत घडलेला पैलवान, आणि समोर मॅट! 1952 ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य. माणूस तोच, नवी भरती काही झाली नव्हती. बदलला तो सराव, वजनगट आणि खर्चाची जुळणी. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, असं सांगतात. हा घटक कुठल्या रकान्यात भरणार?

दुसरी बाजू अशी. गावच्या जत्रेतल्या कुस्तीत नुसत्या ताकदीवर निकाल लागतो. खासबागेत उतरणारा प्रत्येकजण ताकदवान, त्यामुळे तिथे ताकद आणि विजय यांचा सहसंबंध क्षीण दिसेल. त्यावरून 'वरच्या पातळीवर ताकद लागत नाही' असं लिहिणारा विद्यार्थी फसला. निवड आधीच झालीय, म्हणून फरक दिसत नाही, एवढंच.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मीच फसले होते. तालमीतल्या पोरांची पकड मोजायची आणि राज्य पातळीवर कोण जाईल याचा अंदाज बांधायचा, असा माझा आराखडा होता. आमच्या सरांनी एकच विचारलं, "तालीम सोडून गेलेली पोरं कुठायत गं?"

आराखड्यात ती नव्हतीच. सध्या वस्तादांच्या जुन्या वह्यांतून नावं काढतेय. एक टेम्पो चालवतो, एक दूध संकलन केंद्रावर आहे. बाकीच्यांचे नंबर बदललेत.