कोरड्या जागेतला समुद्र

हैदराबादेला समुद्र नाही. तरीही पाणबुड्यांच्या झुंजीची कथा सांगणारा ‘गाझी’ हा चित्रपट याच शहरातील तेलुगू चित्रव्यवसायातून १७ फेब्रुवारी २०१७ रोजी तेलुगू आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत पडद्यावर आला. संकल्प रेड्डी यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. पुढे ६५ व्या राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा मान त्याला मिळाला. तुटपुंज्या पैशांत पाण्याखालची दृश्ये घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो पुन्हा पाहावा, असे आम्हांस वाटते.

याचे कारण असे की, या चित्रपटात समुद्र जेथे दिसतो तेथे तो खोटा वाटतो, आणि जेथे दिसत नाही तेथे खरा. बाहेरून दाखविलेल्या पाणबुड्या आणि पाणतीर संगणकाने रेखाटलेले आहेत, हे ध्यानात येताच मन थोडे मागे सरते. उलट आतील अरुंद वाटा, मंद दिवे, कानांवर यंत्र लावून बसलेला खलाशी आणि त्याच्या तोंडाकडे लागलेले सर्वांचे डोळे, एवढ्यावर अथांग पाण्याचा दाब आपल्या छातीवर येतो. के. के. मेनन आणि आपले अतुल कुलकर्णी यांच्या चेहऱ्यांचा यात मोठा वाटा आहे. पाण्यात आवाज हवेतल्याहून चौपटीपेक्षा अधिक वेगाने जातो. पाणबुडीला डोळे नसतात, कान असतात. दिग्दर्शकाला हे कळले आहे. मग पार्श्वसंगीताचा एवढा गजर कशाला, हे मात्र आम्हांस उमगले नाही. ज्या शांततेतून भीती उपजते, तीच त्याने बुजविली आहे.

(गाझी ३–४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमपाशी बुडाली. ती कशाने बुडाली, याविषयी भारत आणि पाकिस्तान यांचे म्हणणे वेगवेगळे आहे. चित्रपटाने रचलेली झुंज इतिहास म्हणून घेऊ नये.)

कोरड्यात समुद्र उभा करण्याची युक्ती जुनीच. ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९९०) मधील पाणबुड्यांच्या प्रतिकृती धुराने भरलेल्या दालनात चित्रित झाल्या होत्या. विद्यार्थ्यालाही हे साधते: काळा पडदा, थोडा धूर, वरून हलता निळसर प्रकाश, केस उडविणारा पंखा, आणि चित्रणाचा वेग वाढवून मिळविलेली संथ हालचाल. बुडबुडे वेगळे घेऊन वर चढवावेत.

पाण्यात उतरणे अटळच असेल, तर पोहण्याचा तलाव बरा. गोमंतकातील आमच्या वाचकांच्या दाराशी समुद्र आहे, पण लाटा आणि गढूळपणा कॅमेऱ्याचे ऐकत नाहीत. काचेची मत्स्यपेटी पाण्यात अर्धी दाबून तिच्यात कॅमेरा ठेवला, तरी काठावरचे दृश्य मिळते. सपाट काचेमागून वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते, म्हणून भिंग अधिक रुंद कक्षेचे घ्यावे. लाल रंग पाणी सर्वांत आधी गिळते. नटीला लाल साडी नेसविण्यापूर्वी ती पाण्यात पाहून घ्यावी. आणि साडी नेसविलीच, तर ती पायांत गुंतते हे विसरू नये: हाताच्या अंतरावर एक तरबेज पोहणारा असल्याखेरीज कॅमेरा सुरू करू नये, आणि विजेचे दिवे व त्यांच्या तारा काठापासून दूरच ठेवाव्यात.