रानवाटा कुणाच्या?

थंडीत बाबा गेले. पुढच्या दोन महिन्यांत मित्रांनी जेवढ्या रील्स पाठवल्या, त्यातल्या निम्म्या जंगलाच्या होत्या. झाडांत चाला, दुःख हलकं होईल. मी चंद्रपूरचा, त्यामुळे हसूच आलं. आमचं सगळ्यात प्रसिद्ध जंगल ताडोबा, आणि तिथे पर्यटकाला जिप्सीतून पाय खाली टाकायची परवानगी नाही.

मग बाबांच्या कपाटातलं मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' काढलं. विदर्भातल्या जंगलांत नोकरीची बरीच वर्षं काढलेला हा वनाधिकारी जून २०२५मध्ये सोलापुरात वारला. तेव्हा सगळ्यांनी 'अरण्यऋषी' म्हणून पोस्ट टाकल्या, मीही टाकली होती. वाचलं मात्र काहीच नव्हतं.

चितमपल्ली धीर देण्याच्या भानगडीत पडत नाहीत, हे मला फार आवडलं. ते नावं सांगतात. या झाडाचं, त्या पाखराचं. कावळ्यांच्या वसाहतीला ते 'काकागार' म्हणतात. माझं डोकं तेव्हा आयसीयूबाहेरच्या त्या एका रात्रीत लूपसारखं अडकलं होतं. लूपमधल्या माणसाला 'सगळं ठीक होईल' ऐकू येत नाही, पण 'रातवा' हा शब्द ऐकू येतो. हा कुठला पक्षी, म्हणून तो गूगल करतो. तेवढी पाच मिनिटं सुटतात. त्यांचं गद्य चालण्याच्या वेगाचं आहे. घाई नाही, की कुठे पोचायचंही नाही. शोकात वाचायला याहून बरं पुस्तक मला तरी माहीत नाही.

हे कौतुक मी मूल तालुक्यातल्या मावशीला ऐकवलं. ती म्हणाली, "मन शांत कराले जंगलात? आमी त जीव मुठीत धरून जातो, बापू."

१० मे २०२५ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्या घरच्यांना कुठली रील पाठवायची?

त्यानंतर 'रानवाटा' पुन्हा वाचलं तेव्हा खटकलं. चितमपल्लींच्या रानात आदिवासी माणसं भरपूर भेटतात, पण बहुतेकदा वाट दाखवणारी, रानाची माहिती सांगणारी. त्यांच्या घरात कोण मेलं, हे मला क्वचितच कळतं. लेखकाचा एकांत या माणसांच्या सोबतीवर उभा आहे, आणि त्या सोबतीची किंमत पुस्तक पुरेशी मांडत नाही. पुस्तक मला अजूनही आवडतं. तक्रारही आहेच.

मार्चअखेर मावशीबरोबर मोहफुलं वेचायला गेलो. पहाटे, गावाला लागूनच. शांतता अजिबात नव्हती. बायका सारख्या एकमेकींना हाका मारत होत्या, वाघ दूर राहावा म्हणून आणि कोण कुठे आहे ते कळावं म्हणून. मधेच मावशी वाकल्यावाकल्या मोठ्यानं म्हणाली, "तुहा बाप लहानपणी इथंच मोह खाऊन झिंगला होता!" सगळ्या हसल्या. पलीकडच्या झाडाखालून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोन, आपला मास्तर?"

बाबा गेल्यावर त्यांचं नाव एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच कुणीतरी घेत होतं.