जमा कोणाचे, नावे कोणाची? : नांदेड-लातूरच्या वर्गातील लेखाशास्त्र

शिक्षणाच्या संदर्भात लातूरचे नाव निघाले की पुढचा शब्द 'पॅटर्न' हाच असतो आणि तो पॅटर्न डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याचा असतो. ज्या गंजगोलाईभोवती हे शहर वाढले, जिथे तुरीच्या आणि सोयाबीनच्या भावावर अर्ध्या मराठवाड्याचे लक्ष असते, त्या व्यवहाराचा हिशेब शिकवणाऱ्या शाखेला असा काही पॅटर्न नाही. नांदेडचीही गोष्ट वेगळी नाही. मोंढा, आडत, जिनिंग यांच्या जिवावर उभ्या असलेल्या शहरात वाणिज्य शाखा ही मधल्या भावासारखी आहे. थोरल्याचे कौतुक होते, धाकट्याचे लाड होतात, आणि मधला आपापला वाढतो. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि त्याआधी १९५८पासून औरंगाबादच्या विद्यापीठाशी जोडलेली इथली महाविद्यालये त्याच्याकडे आली. तेव्हापासून शिक्षणपद्धतीवर, प्रवेशांवर, निकालांवर पुष्कळ लिहिले गेले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून एम.कॉम.पर्यंत जे लेखाशास्त्र शिकवले जाते, त्याच्याकडे एक संहिता म्हणून मात्र क्वचितच पाहिले जाते. कादंबरीची समीक्षा होते, पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाची का होऊ नये?

लेखाशास्त्रातले 'उदाहरण' हा एक पक्का वाङ्मयप्रकार आहे. त्यात अ आणि ब हे ३:२ या प्रमाणात नफा वाटून घेणारे भागीदार असतात. त्यांना गाव नसते, धंदा कशाचा आहे हे बहुधा सांगितलेले नसते, पाऊस पडत नाही, हमाली-तोलाई लागत नाही. क आला की नावलौकिकाचे मूल्य काढायचे, अ मेला की त्याच्या वारसाचे खाते काढायचे. माणूस मेल्यावर हिश्श्यावरून भांडण न होणारी ही बहुधा मराठवाड्यातली एकमेव भागीदारी असावी. शेवटी 'समायोजना' येतात: अखेरचा माल इतका, घसारा इतका टक्के, संशयित कर्जासाठी ५% तरतूद करा. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्या की विद्यार्थी पेन खाली ठेवतो. जुळणे हाच या प्रकारातला रसपरिपोष.

यात वाईट काय, असे कुणी विचारेल. वाईट हे की ज्या आकड्यांवर सगळे अवलंबून असते ते आयते दिलेले असतात. त्याकडे पुढे येतो. आधी भाषेकडे पाहू, कारण मराठीतून लेखाशास्त्र शिकणाऱ्या मुलाची पहिली ठेच तिथेच लागते.

रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, नावे, जमा हे शब्द कुठल्या भाषांतर समितीने बसून घडवलेले नाहीत. ते दप्तरातून आणि पेढ्यांवरून आले आहेत. विज्ञानाच्या मराठी परिभाषेला जे भाग्य लाभले नाही ते हिशेबाच्या परिभाषेला लाभले: शब्द आधीपासून कामावर होते. पण ते ज्या पद्धतीत कामावर होते ती पद्धत पाठ्यपुस्तकाने बाजूला ठेवली आणि शब्द तेवढे उचलले. देशी पद्धतीत पानाच्या डाव्या अंगाला जमा आणि उजव्या अंगाला नावे. गणपतराव नावाच्या गिऱ्हाइकाने आडतीवर पाचशे रुपये आणून दिले की आडत्या डावीकडे लिहिणार, गणपतरावांचे जमा ५००. खतावणीत गणपतरावांच्या खात्यावरही ते डावीकडेच उतरणार. रोखीचे वेगळे खाते उघडायचे कारण नाही, रोजकीर्दीतली शिल्लक हीच रोख. इथे 'जमा' हा शब्द गणपतरावांच्या बाजूने बोलतो. तुमचे आमच्याकडे इतके आहेत, असे तो सांगतो.

इंग्रजी पद्धत रोखीलाही एक खाते देते. मग तोच व्यवहार असा होतो: रोख खाते नावे ५००, गणपतरावांच्या खाती जमा ५००. पानही उलटते, नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. ज्या मुलाने घरी आयुष्यभर 'पैसे जमा झाले' म्हणजे पैसे आले असेच ऐकले, त्याला पैसे आले तर रोख 'नावे' का, हे कळत नाही. वर्गात त्याला नियम मिळतो: येईल ते नावे, जाईल ते जमा. नियम बरोबर आहे, पाठ होतो आणि गुणही देतो. मात्र गोंधळ मिटत नाही, तो फक्त गप्प बसतो. पुढे मोबाइलवर बँकेचा संदेश येतो, आपल्या खात्यात इतकी रक्कम जमा, आणि बी.कॉम. झालेलाही क्षणभर अडखळतो. बँकेच्या वहीत आपण गणपतराव आहोत, एवढे एक वाक्य पहिल्या सत्रात सांगितले तर पुढची तीन वर्षे सोपी जातील. हिशेब नेहमी कुणाच्या तरी बाजूने लिहिलेला असतो. हे कळले नाही तर लेखाशास्त्र ही नुसती डाव्या-उजव्याची कवायत उरते.

इतिहासाचे प्रकरण या पुस्तकांत असते, पण ते पाहुण्यासारखे येते. कौटिल्याचे नाव घ्यायचे, १४९४ साली व्हेनिसमध्ये ग्रंथ छापणाऱ्या लुका पाचोलीचे नाव घ्यायचे, आणि पुढच्या पानावर नियम. कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणात हिशेबाचे वर्ष आषाढात संपते आणि सरकारी धन हडपण्याचे चाळीस मार्ग मोजून दाखवले आहेत, हे सांगितले तर वर्ग जागा होईल. त्याहून जवळचा इतिहास तर आपल्या माळ्यावर आहे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत होता, ब्रिटिश मुलखाचा रुपया म्हणजे कलदार. सात हालीला सहा कलदार असा ढोबळ हिशेब मराठवाड्यातल्या व्यापाऱ्याच्या तोंडी असे, आणि मुंबईशी कापसाचा व्यवहार करणाऱ्याला दोन्ही नाणी सांभाळावी लागत. १९४८च्या विलीनीकरणानंतरही हाली काही वर्षे चालूच होता. एम.कॉम.च्या वर्गात परकीय चलनातील व्यवहारांचे मानक शिकवताना डॉलर येतो, युरो येतो. पणजोबांनी हेच काम मोडी अक्षरात केले होते, याची वार्ता वर्गात नसते.

वर्षाचेही तसेच. आज लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते, एखाद्या दुकानात संगणकालाही हळदीकुंकू लागते, पण हिशेबाचे नवे वर्ष १ एप्रिललाच सुरू होते. आयकरासाठी ३१ मार्च ही एकच वर्षअखेर सर्वांना सक्तीची झाली ती करनिर्धारण वर्ष १९८९-९०पासून. त्याआधी दिवाळी ते दिवाळी वर्ष धरणारे व्यापारी होते. मार्चअखेर नवी तूर गोदामात पडून असते, दिवाळीला सोयाबीन बाजारात उतरत असते. वर्ष कुठे तोडले यावर अखेरच्या मालाचा आकडा आणि म्हणून नफा कसा हलतो, यावर एक उत्तम तास होऊ शकतो.

बी.कॉम.कडून एम.कॉम.कडे जाताना काय बदलते? विषयांच्या नावामागे 'प्रगत' हे विशेषण लागते आणि उदाहरण लांबते. एकत्रीकरणात दोन कंपन्यांच्या जागी तीन येतात, समायोजना चारच्या दहा होतात. संदर्भग्रंथ इंग्रजीत जातात, आणि मराठीतून आलेला विद्यार्थी पहिले सत्र शब्द ओळखण्यात घालवतो. प्रश्नाची जात मात्र तीच राहते: तयार करा. पदव्युत्तर पातळीवर प्रश्न 'वाचा' असा व्हायला हवा. २०१६पासून मोठ्या कंपन्यांना लागू होत गेलेली भारतीय लेखामानके पानोपानी अंदाज आणि निर्णय यांविषयी बोलतात. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारक झाले आहे. नोंद करण्याचे आणि बेरीज जुळवण्याचे काम टॅलीने केव्हाच उचलले. जे काम यंत्र करते त्याचीच परीक्षा आपण पाच वर्षे घेत राहतो, आणि मुले संध्याकाळी पैसे भरून टॅलीच्या क्लासला जातात, ही विसंगती विद्यार्थ्याला दिसते. आपल्याला दिसत नाही असे नाही.

आता त्या आयत्या ५ टक्क्यांकडे येतो. मराठवाड्यात २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी पतसंस्थेचे आणि बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे प्रकरण गाजले. हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले: निवृत्त शिक्षक, शेत विकून ठेव ठेवणारे, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे. या दोन संस्थांच्या आत काय घडले ते तपास यंत्रणा आणि न्यायालये पाहतील. पण पतसंस्था साधारणपणे कशी आजारी पडते हे लेखाशास्त्राला ठाऊक आहे. कर्ज थकते. थकलेल्यावर नवे कर्ज देऊन जुने मिटवले जाते; याला आपल्याकडे 'नवं-जुनं' करणे असा सोज्ज्वळ शब्द आहे. हाती न आलेले व्याज 'येणे व्याज' म्हणून उत्पन्नात धरले जाते. तरतूद कमी दाखवली की नफा वाढतो, नफ्यावर लाभांश निघतो, आणि लाभांश पाहून आणखी ठेवी येतात. ताळेबंद दरवर्षी जुळतो. खोटा ताळेबंदही जुळतोच.

तरतुदीची टक्केवारी हीच ती जागा, जिथे हिशेब खरा राहतो किंवा बिघडतो. परीक्षेतले उदाहरण नेमकी तीच टक्केवारी मुलाच्या हातात ठेवते आणि म्हणते, आता गणित कर. सहा सत्रे, पुढे आणखी चार सत्रे, पदवीधर कधी विचारतच नाही की ही ५ कुणी ठरवली आणि तिचे २ केले तर कुणाचा फायदा. मग त्याच्याच वडिलांनी ठेव ठेवलेल्या संस्थेचा वार्षिक अहवाल घरात रद्दीत पडलेला असतो आणि तो उघडण्याचे त्याला सुचत नाही. त्याला तो वाचता आला असता. येणे व्याज ठेवींच्या आणि कर्जांच्या तुलनेत तीन वर्षांत कसे फुगले, एवढे पाहायला बी.कॉम.चे दुसरे वर्ष पुरेसे आहे.

तंत्र आधी आले पाहिजे, हा शिक्षकांचा आक्षेप मला मान्य आहे. नोंद न येणाऱ्याला निर्णय काय शिकवणार? एकच उत्तर असलेले उदाहरण ढिगाने पेपर तपासायला सोयीचे असते, हेही खरे. तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत पळणाऱ्या प्राध्यापकाकडून नवी उदाहरणे रचण्याची अपेक्षा करणे तर निर्दयपणाचे. पण नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.कॉम.च्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला चार श्रेयांक आले आहेत, आणि पाठोपाठ संशोधन प्रकल्पही. ते कुठे खर्चायचे हा प्रश्न उघडा आहे. सध्याचा सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या कर सल्लागाराकडून प्रमाणपत्र आणणे.

लातूरच्या डाळ मिलमध्ये एक पोते तूर आत जाते आणि डाळ, चुनी, टरफल, शिवाय थोडी तूट बाहेर पडते. तुरीची किंमत या तिघांत कशी वाटायची? वजनावर वाटली तर टरफल महाग होते, विक्रीमूल्यावर वाटली तर भाव पडला की डाळीचा खर्चही बदलतो. परिव्यय लेखांकनातले संयुक्त उत्पादनाचे सगळे प्रकरण त्या एका पोत्यात आहे आणि त्याचे एकच उत्तर नाही. एका विद्यार्थ्याने एका हंगामात एका मिलचा असा तक्ता मांडावा, दोन्ही रीतींनी, आणि मालकाला विचारावे की तो मनात कोणता धरतो. बहुतेक मालक तिसराच सांगतील.