मोफत शाळेतील निबंध

माझ्या शाळेला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. एका धर्मादाय संस्थेने खेड्यापाड्यांतील गोरगरीब मुलांसाठी चालविलेली ही निवासी शाळा आहे. शिक्षण मोफत, राहणे मोफत, दोन वेळचे जेवण मोफत. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तेथे शिकलो. आज मी एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. संस्थेच्या चिटणिसांचे पत्र आले आहे, की सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'माझी जडणघडण' या विषयावर दोन पाने लिहून पाठवावीत. नमुन्यादाखल त्यांनी रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची एक प्रतही धाडली आहे. त्या प्रतीत मी सातवीत असताना लिहिलेला 'आमचे दाते' हा निबंध छापलेला आहे.

शाळेची स्मरणिका हा काही समीक्षेचा विषय नव्हे, असे विद्वान म्हणतील. मला तसे वाटत नाही. आपल्याकडील कितीतरी घरांत पोराचे नाव पहिल्यांदा छापून आले ते अशा स्मरणिकेतच. माझ्या आईने ती प्रत आजही पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलेली आहे. ज्या लेखनात पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस पहिल्यांदा स्वतःविषयी बोलतो, ते लेखन त्याला काय बोलू देते आणि काय बोलू देत नाही, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

ती स्मरणिका मी आता पुन्हा बारकाईने वाचली. त्यातील माजी विद्यार्थ्यांचे लेख एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. आरंभी 'घरची परिस्थिती हलाखीची होती' हे वाक्य येते. परिस्थिती हलाखीची का होती, ती कोणी केली, याविषयी एक अक्षर नाही. जणू दारिद्र्य हा अवर्षणासारखा आकाशातून आलेला प्रकार आहे. मग संस्था येते. ती कधी परीस असते, कधी कल्पवृक्ष, तर कधी माउली. पुढील सगळी क्रियापदे 'मिळाले', 'लाभले', 'घडले' या जातीची आहेत. विद्यार्थी स्वतः काही करीत नाही. तो भुकेला राहिला असेल, कंदिलाशेजारी जागला असेल, रडत घरी पळून जाऊन पुन्हा परत आला असेल. परंतु वाक्याचा कर्ता तो होऊ शकत नाही. 'जात' हा शब्द संपूर्ण अंकात कोठेही नाही. 'समाजातील उपेक्षित घटक' असा एक गुळगुळीत शब्दप्रयोग मात्र पानोपानी आहे.

माझा निबंधही याला अपवाद नाही. फळ्यावर गुरुजींनी सात मुद्दे लिहून दिले होते. 'दात्यांचे ऋण' या मुद्द्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ते सातही मुद्दे मी निबंधात आणले. परंतु वहीतल्या कच्च्या खर्ड्यात मी एक वाक्य जास्तीचे लिहिले होते: 'माझी आई शाळेच्या रानात खुरपते.' गुरुजींनी त्यावर लाल शाईची रेघ मारली आणि समासात लिहिले, 'विषयाला सोडून.'

हे वाक्य विषयाला सोडून होते काय? माझे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी सरली की बिऱ्हाड गाडीत भरायचे आणि कारखान्याच्या फडावर जायचे. नवराबायको मिळून तेथे एक 'कोयता' धरला जातो. माणसांची गणती अवजाराच्या नावाने होते. जे मूल सोबत जाते त्याच्या वाट्याला धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी आणणे आणि वाढे गोळा करणे येते. मार्च-एप्रिलात माणसे परततात तोवर शाळेचे वर्ष संपलेले असते. या फेऱ्यातून मला त्या निवासी शाळेने सोडविले. हे मी कधी नाकारले नाही आणि आजही नाकारत नाही.

परंतु पावसाळ्यात आई गावी असली म्हणजे महिन्यातून दोन-तीन दिवस संस्थेच्या शेतात खुरपणीला येई. मजुरी नसे. तसा नियम कोठे लिहिलेला नव्हता. संस्थेचा रखवालदार वस्तीवर येऊन एवढेच म्हणे, 'पोरगं फुकट शिकतंय ना तुमचं?' तेवढे पुरत असे. आमच्या आळीतल्या इतर बायकाही येत. मी वर्गाच्या खिडकीतून आईची वाकलेली पाठ पाहत असे आणि त्याच वर्गात बसून 'आमचे दाते' हा निबंध लिहीत असे. म्हणजे ज्याला मोफत म्हटले गेले त्याची किंमत माझ्या आईच्या हातांनी चुकती होत होती. दात्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते, आणि मी ते घालू पाहिले तेव्हा ते विषयाला सोडून ठरले. गुरुजी दुष्ट नव्हते. विनाअनुदानित तुकडीवर कित्येक वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढलेला तो माणूस होता. लाल रेघ त्यांच्या हाताने मारली गेली. ती मारविणारी व्यवस्था त्यांच्याहून मोठी होती.

येथे मला एका दुसऱ्या निबंधाची आठवण होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. ती शाळाही मोफत होती आणि वर्गणी देणाऱ्यांच्या मदतीवर चालत होती. मुक्ताही आभार मानते. इंग्रजी अमलाने छळ थोडा कमी झाला, हे ती नोंदविते. परंतु तिचा निबंध आभारापाशी थांबत नाही. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवाला विचारते. इमारतींच्या पायांत पुरलेली माणसे, पेशवाईतील जीवघेणा खेळ, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांच्या यातना हे सर्व ती मांडते आणि शेवटी आपल्याच माणसांना ज्ञानाकडे वळा म्हणून हाक देते. शाळेत तीनएक वर्षे काढलेल्या मुलीची ही वाक्ये आहेत. तिच्या वाक्यांचा कर्ता तीच आहे. ज्यांनी तिला अक्षर दिले त्यांनी, तिने त्या अक्षरांतून काय लिहावे, यावर लाल रेघ मारली नाही. मी त्याच जातीत जन्मलो. माझा निबंध तिच्या निबंधानंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिला गेला. तरीही तो तिच्या निबंधाच्या कितीतरी मागे आहे. ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

तिसरा निबंध लिहिलाच गेला नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'च्या (१९८४) आरंभी शाळेची सहल आहे. सवर्ण मुले एका झाडाखाली, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली. उरलेसुरले अन्न या मुलांना मिळते. पुढे वर्गात गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहावयास सांगतात आणि त्या मुलाला तो लिहिता येत नाही. दानाचे अन्न पोटात गेलेले आहे. त्यावर सुंदर निबंध मागितला जात आहे. मराठी शिकविणारा माणूस म्हणून मी म्हणेन, की न लिहिलेला तो निबंध आमच्या अनेक छापील निबंधांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी स्मरणिकेचे व्याकरणच मोडले. त्यांतही शाळा आहे, गुरुजी आहेत, कोणी केलेली मदत आहे. परंतु भुकेची कारणे आहेत, आईबापांचे श्रम आहेत आणि जातीचे नाव आहे. दलित आत्मकथन म्हणजे मोफत शाळेत खोडलेले वाक्य पुन्हा लिहिणे, असे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

'ही कृतघ्नता आहे' असा आक्षेप येईल, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्यासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. घरोघर मूठमूठ धान्य गोळा झाले. मुले स्वतः राबली. हेही परोपकारावर उभे राहिलेले काम नव्हते काय? होते. परंतु फरक पाहा. तेथे मूठभर धान्य देणारी बाई संस्थेची भागीदार होती, आणि मुलाचे श्रम ही त्याची कमाई म्हणून उजळ माथ्याने सांगितली जात होती. माझ्या शाळेत श्रम होतेच; ते हिशेबात नव्हते. श्रमाची नोंद झाली तर शिकणारा ताठ उभा राहतो, आणि ती पुसली गेली म्हणजे तेच शिक्षण भीक बनते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेही आपल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी काढलेले होते. त्याला उपकाराचा वास नव्हता.

या हिशेबाचा पाया जोतीरावांनीच घातला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. म्हणजे गरिबाच्या मुलाची शाळा ही त्याच्याच पैशाची अंशतः परतफेड आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तो दान म्हणून नव्हे, राज्याचे कर्तव्य म्हणून. संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. प्रत्यक्षात हा मूलभूत हक्क २००२ सालच्या घटनादुरुस्तीने मान्य झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. माझी सातवी त्यापूर्वीच संपली होती. म्हणूनच मला दाते लाभले!

आता तर कायदा आहे, मग ही जुनी कैफियत कशाला? कारण घड्याळाचे काटे उलटे फिरविले जात आहेत. २०१७ साली कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून शेजारच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय महाराष्ट्रात झाला. ज्या वस्तीवरची पोरे पट भरण्याआधीच फडावर जातात, तिथला पट कमी असणारच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने 'दत्तक शाळा' योजना काढली. तीत कंपन्यांना आणि धनिकांना सरकारी शाळा काही वर्षांसाठी दत्तक घेण्याची आणि त्या काळापुरते आपले नाव शाळेला जोडण्याची मुभा दिली गेली. हक्काच्या शाळेलाही दात्याची पाटी लागली, की फळ्यावर पुन्हा तेच सात मुद्दे येतील. कोणीतरी पोरगे पुन्हा एक वाक्य जास्तीचे लिहील आणि कोणीतरी शिक्षक ते खोडील. तो शिक्षक आपल्यापैकीच असेल. मीसुद्धा शिष्यवृत्तीच्या शिफारसपत्रांत 'गरीब व होतकरू' हे शब्द किती वेळा न विचार करता लिहिले आहेत, हे मला ठाऊक आहे.

म्हणून आपल्यापैकी जे शिकवितात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: कृतज्ञता जरूर शिकवा, पण यादी पुरी करावयास शिकवा. मुलाने आईचे खुरपे लिहिले, बापाचा कोयता लिहिला, मुकादमाची उचल लिहिली, तर ते विषयाला धरूनच आहे.

स्मरणिकेसाठी मी दोन पाने लिहिली. शाळेचे, गुरुजींचे, वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांचे ऋण त्यात मानले आहे. पहिले वाक्य मात्र पंचवीस वर्षांपूर्वी खोडलेलेच ठेवले आहे. लेख आईला वाचून दाखविला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, 'मी एकलीच व्हते का रं खुरपायला? आपल्या आळीतल्या पाच-सहा जणी व्हत्या. त्यायची बी नावं घाल.'

नावे घातली आहेत. लेख पाठविला आहे. छापावयाचा की नाही, हे आता संस्थेने ठरवावे.