गोडसे भटजींच्या पुढे कोण गेलं?

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच सुटली की मुंबईची गोदी हळूहळू मागे पडते. १४ एप्रिल १९४४ रोजी या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. जहाजात कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं, सगळं एकत्र. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. या स्फोटावर जॉन एनिस यांचं इंग्रजीत अख्खं पुस्तक आहे. खाडीच्या या अंगाला मोरा, उरण, करंजा. इथल्या कोळ्या-आगऱ्यांनी त्या दुपारी काय ऐकलं, कुणाची होडी पाण्यात होती, गोदीत कामाला गेलेला माणूस घरी कधी परतला, हे सांगणारं मराठी पुस्तक निदान माझ्या वाचनात नाही.

गंमत अशी की याच रायगड जिल्ह्याने मराठीला युद्धाचा सर्वांत चांगला साक्षीदार दिला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे डोक्यावरचं कर्ज फेडायला, दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. ‘माझा प्रवास’मध्ये झाशीचा वेढा आहे, पण तो नकाशावरचा नव्हे. गोळे पडत असताना लपायचं कुठे, तहान लागली तर पाणी कुठलं, आज शिपायांनी काय लुटलं आणि उद्या काय लुटतील, याची नोंद हा भिक्षुक करतो. शहरातली प्रेतं आणि नष्ट झालेली पोथ्यापुस्तकं त्याला सारखीच अस्वस्थ करतात. आणि राणी? झाशी सुटल्यावर ती त्याला विहिरीपाशी भेटते, तहानलेली, धुळीने माखलेली. तो पाणी काढून द्यायला पुढे होतो, तर ती त्याला थांबवते आणि स्वतः काढते. पुतळ्यांमधून न दिसणारी लक्ष्मीबाई या एका प्रसंगात दिसते. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिलेला हा मजकूर १९०७ साली छापला गेला, तोही वैद्यांचा हात फिरून. मूळ संहिता वाचकांना मिळायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ची आवृत्ती यावी लागली.

त्यानंतर आपण काय लिहिलं? कॅप्टन गो. गं. लिमयांच्या ‘सैन्यातील आठवणी’ आहेत. लष्करातल्या डॉक्टरची ती नजर आज कुणी फारशी वाचत नाही. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी ‘न सांगण्याजोगी गोष्ट’मध्ये १९६२च्या पराभवाची चिरफाड केली आणि कुणाची भीड ठेवली नाही. मराठी लष्करी इतिहासलेखनाला त्यांनी शिस्त लावली, हे मान्यच करायला हवं. पण त्यांचा विषय निर्णयांचा, तुकड्यांच्या हालचालींचा. बर्फात पाय बधिर झालेला शिपाई त्या चौकटीत मावत नाही. उरलेली बरीचशी पुस्तकं शौर्यकथांची. त्यांत प्रत्येक जवान हसतमुख असतो, प्रत्येक आई खंबीर. मला अशा पुस्तकांचा कंटाळा येतो, आणि त्या आईवरही तो अन्यायच वाटतो.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे घ्या. गोदीतल्या स्फोटानंतर तीनच महिन्यांनी, १० जुलै १९४४ला, इटलीत टायबरच्या खोऱ्यात ते पडले. सोबतचे सगळे कोसळल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल, हातबॉम्ब, मग बंदुकीच्या दस्त्याने हाणामारी: व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात हे सगळं बारकाईने आहे. वय बावीस. ते भरती का झाले, गावाकडे पैसे कसे येत, तार आल्यावर घरात काय झालं, हे प्रशस्तिपत्राचं कामच नाही. ते लेखकाचं काम होतं.

स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी सोव्हिएत संघात नेमकं हेच केलं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या बायकांकडे त्या गेल्या, तासन् तास ऐकत बसल्या. त्यातून १९८५ साली पुस्तक आलं. आपल्याकडे महाड-माणगावपासून साताऱ्यापर्यंत घराघरांत फौजी. नोकरीतल्या शिपायाच्या लिहिण्यावर नियमांचं बंधन असतं, हे खरं. त्याच्या बायकोवर, भावावर, १९७१चं ब्लॅकआऊट आठवणाऱ्या म्हातारीवर ते नाही. तरी दिवाळी अंकांच्या संपादकांना ऑगस्टमध्ये आठवतो तो निवृत्त अधिकारीच.