माचू पिचू : ‘हरवलेल्या शहरा’च्या आख्यानाची चिकित्सा

पेरू देशातील कुस्को शहराच्या वायव्येस, उरुबांबा नदीच्या वळणावरील डोंगरधारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवर माचू पिचू हे इंकाकालीन नगर वसलेले आहे. येल विद्यापीठात इतिहासाचे अध्यापन करणारे अमेरिकन अभ्यासक हायरम बिंगहॅम २४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले. त्यांचा ‘लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज’ हा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. या नगराभोवती जे गूढतेचे वलय निर्माण झाले आहे, त्याचा मोठा वाटा या ग्रंथाच्या निवेदनशैलीकडे जातो. म्हणूनच शीर्षकातील ‘हरवलेले’ या विशेषणाची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

ग्रंथातील शोधप्रसंगाचे वर्णन अत्यंत प्रभावी आहे. घनदाट अरण्य, निसरडी चढण, आणि अखेरीस वेलींच्या जाळीतून प्रकटणाऱ्या शुभ्र शिळांच्या भिंती अशा क्रमाने वाचकाची उत्कंठा वाढविली जाते. मात्र याच वर्णनात लेखकाच्या दाव्याला छेद देणारा मजकूरही आहे. मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक रहिवाशाने ठिकाणाची माहिती दिली व एक सोल (तेथील नाणे) घेऊन वाट दाखविली. डोंगरावर रेचार्ते आणि आल्वारेस ही शेतकरी कुटुंबे राहत होती. इंकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत ती पीक घेत होती. कर आणि सक्तीची सैन्यभरती यांपासून दूर राहता यावे म्हणून त्यांनी ही जागा निवडली होती, असे बिंगहॅमच नमूद करतात. ज्या शिवारात मका उगवत होता, ते शहर नेमके कोणासाठी हरवले होते, हा प्रश्न ग्रंथात उपस्थितच होत नाही. शेतकरी त्यात येतात ते पार्श्वभूमीचा भाग म्हणून.

आगुस्तिन लिसारागा यांच्याबाबतीत झालेले मौन अधिक बोलके आहे. या स्थानिक शेतकऱ्याचे नाव व १९०२ हे वर्ष तेथील एका भिंतीवर कोळशाने लिहिलेले बिंगहॅम यांना आढळले होते. आपल्या टिपणवहीत त्यांनी लिसारागा यांनाच शोधक म्हटले आणि १९२२ च्या ‘इंका लँड’ या पुस्तकातही त्यांचा उल्लेख केला. १९४८ च्या ग्रंथात मात्र हे नाव उरले नाही. आख्यानाला एकच नायक हवा होता, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

बिंगहॅम यांनी मांडलेल्या तीनही प्रमुख उपपत्ती आज त्याज्य ठरल्या आहेत. इंकांचे पौराणिक उगमस्थान तांपू तोक्को हेच, ही पहिली. स्पॅनिश आक्रमणानंतरची शेवटची राजधानी विल्काबांबा हीच, ही दुसरी. तिच्याबाबत ग्रंथकर्त्याला सवलत देणे कठीण आहे. कारण खऱ्या विल्काबांबाचे, म्हणजे एस्पिरितू पांपा येथील अवशेष त्यांनी स्वतः १९११ मध्येच पाहिले होते. ते त्यांना पुरेसे भव्य वाटले नाहीत. जीन सॅव्हॉय यांच्या १९६४ मधील शोधकार्यानंतर त्या ठिकाणाचे खरे महत्त्व लक्षात आले. तिसरी उपपत्ती सूर्यकुमारिकांची. मोहिमेतील अस्थितज्ज्ञ जॉर्ज ईटन यांनी १९१६ मध्ये बहुसंख्य सांगाडे स्त्रियांचे ठरविले आणि त्यावर मठवासिनी कुमारिकांची रम्य कथा उभी राहिली. जॉन व्हेरानो यांच्या फेरतपासणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास समान निघाले. शिवाय बालकांच्या अस्थीही ओळखल्या गेल्या. अँडीजमधील लोकांची लहान चण ईटन यांना फसवून गेली होती.

मग हे नगर होते तरी काय? जॉन रो यांनी १९९० मध्ये १५६८ च्या एका दस्तऐवजाच्या आधारे ही सम्राट पाचाकुती यांची खासगी जहागीर असल्याचे दाखवून दिले. राजपरिवार येथे काही काळ वास्तव्यास येई. एरवी सेवक व कारागीर राहत. झऱ्याचे पाणी सुमारे ७५० मीटर लांबीच्या कालव्याने आणून सोळा कारंजांतून खेळविलेले आहे. ही योजना पाहता, बांधणाऱ्यांना गूढाचे नव्हे तर उताराचे आणि पावसाचे गणित सोडवायचे होते, हे स्पष्ट होते. तथापि दस्तऐवज हे अखेर स्पॅनिश राजवटीतील आहेत, याचेही भान ठेवले पाहिजे. रिचर्ड बर्गर व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सांगाड्यांचे किरणोत्सारी कार्बनद्वारे केलेले कालमापन येथील वस्ती सुमारे १४२० ते १५३० अशी दाखविते. पाचाकुती यांचे राज्यारोहण १४३८ मध्ये झाले, या रूढ कालगणनेलाच त्यामुळे धक्का बसतो.

नगर सोडून जाण्याचे कारणही फारसे अद्भुत नाही. जहागीर चालते ती राजसत्तेच्या बळावर. यादवी युद्ध आणि स्पॅनिश आक्रमणाने ती सत्ता कोसळल्यावर सेवकांना तेथे राहण्याचे प्रयोजन उरले नाही. मात्र स्मृती पुसली गेली नाही. दोनातो आमादो गोन्सालेस व ब्रायन बॉवर यांच्या संशोधनानुसार नगराचे मूळ नाव बहुधा ‘वायना पिचू’ असे होते, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे परत जाऊन वसण्याचा विचार स्थानिक लोक करीत होते.

येल येथे नेलेल्या वस्तू व अस्थी २०१० च्या करारानंतर २०११ व २०१२ मध्ये पेरूला परत मिळाल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चौतीस व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासातून येथील सेवकवर्ग साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रदेशांतून, अगदी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातूनही, आणलेला असल्याचे दिसून आले. त्यांच्यात जवळचे रक्ताचे नाते आढळले ते फक्त एका माय-लेकीचे.